वन्संची शिकवणी

१४ फेब्रुवारी

तीन केमो झाल्या, तीन राहिल्या. जो तो मला सांगतो, "अर्धा रस्ता झाला की!" अर्ध्या रस्त्याचं सुख मला कोणी सांगू नये. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय मी. घाट अर्धा चढून झाला म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, उलट तिथेच इंजिन तापतं.

परवा तिसरी घेऊन परत येताना बसमध्ये उलटी झाली. पिशवी हातात होती म्हणून निभावलं. समोरची बाई खिडकीबाहेर बघायला लागली, तिच्या शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. वन्संनी स्वतःच्या कोटाचा आडोसा करून मला धरून ठेवलं. पुढे दुसरी बस बदलायची होतीच.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हा शब्द त्यांना आवडत नाही, "जुन्या नाटकातलं वाटतं" म्हणतात, म्हणून मी तोच वापरते. जन्म गेला त्यांचा या परक्या देशात. सात वर्षांपासून एकट्याच आहेत. त्यांचे यजमान हार्टने गेले, हॉस्पिटलच्या वाटेवरच. माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा आमच्या ह्यांनी ताईला फोन केला, आणि दोघा भावंडांनी परस्पर ठरवून टाकलं की उपचार इथेच करायचे. मला विचारलं, पण सगळं ठरल्यावर. हे तिकडे स्कूल सांभाळताहेत, मी इकडे. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली, डोक्याचा गोटा झाला, आणि आता मागच्या खोलीत पडून मी छताकडे बघत असते.

आज ठरवलं. पुरे झालं. उद्या वन्संना सांगणार की मी परत जाते.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. वन्सं भांडी पुसत होत्या. भांडतील असं वाटलं होतं, पण त्या "बरं" म्हणाल्या आणि तीच ताटली पुन्हा पुसायला लागल्या.

"कारण काय?" ताटली जागेवर ठेवून विचारलं.

"बस. मला पुन्हा त्या बसमध्ये चढायचं नाही. डॉक्टरीणबाईच म्हणतात गर्दीत जाऊ नका."

"टॅक्सी करू."

"टॅक्सीत त्या अत्तराच्या बाटल्या लटकवतात. वासानेच जीव जायचा माझा."

मग माझ्या डोक्यात आलं ते मी बोलून टाकलं. खाली गॅरेजमध्ये एक गाडी झाकून ठेवलेली आहे, मी पहिल्याच दिवशी बघून ठेवली होती. गाडी दिसली की माझी नजर जातेच. म्हटलं, "ती कोणाची?"

"ह्यांची."

"चालते?"

"शेजारचा मेकॅनिक अधूनमधून सुरू करून बघतो. विकायची विकायची म्हणून राहिली."

"मग तुम्ही शिका. माझा हात खांद्याच्या वर जात नाही, इथलं लायसन्सही नाही, पण तोंड शाबूत आहे. मी शिकवते. बस नको, टॅक्सी नको, आपली आपण जाऊ."

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. एवढं घाबरणारे विद्यार्थी मी पाहिलेत, पण ते निदान गाडीत बसल्यावर घाबरतात. "ते सोडून काहीही सांगा, वहिनी," म्हणाल्या.

"मग मी जाते," म्हटलं.

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी शांत झोपले.

१६ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी वन्सं समोर येऊन बसल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात.

"माझ्या दोन अटी आहेत," म्हणाल्या. "राहिलेल्या तिन्ही केमो घ्यायच्या. एकही चुकवायची नाही. तुम्ही सुई घ्याल तोवर मी स्टीअरिंग धरेन. तुम्ही सोडलंत की मी सोडलं."

"कबूल. दुसरी?"

"पुलाखालच्या चौकातून मी जाणार नाही."

प्रत्येक शिकाऊ माणसाचा असा एक चौक असतोच. आमच्या गावाकडे एक बाई चार वर्षं पेट्रोलपंपाच्या बाजूने वळत नव्हती, का ते तिलाही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, बरं, चौक नको. शिकाऊ लायसन्सचं विचारलं तर म्हणाल्या, "कागदाचं माझ्यावर सोडा."

ह्यांना फोनवर सांगितलं. "ताई गाडी चालवणार? ती हो म्हणाली?" असं दोनदा विचारलं आणि मग गप्पच बसले. मला वाटलं फोन कट झाला. "तिनं तुला काही सांगितलं नाही का?" "काय सांगायचंय?" "काही नाही. तू तिच्यावर ओरडू नकोस, एवढंच." मी काय लोकांवर ओरडते? ह्या भावंडांचं गूळपीठ मला लग्नापासून कळलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

पहिला दिवस. मेकॅनिकने बॅटरी, टायर बघून दिले. कव्हर काढलं तर आत गाडी चकाचक.

इथे सगळंच उलटं. गाड्या उजवीकडून जातात, चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे शिकवणारी मी उजवीकडे. उजवीकडे बसलं की माझे हात आपोआप स्टीअरिंग शोधतात, आणि तिथे असतो पेपर-रुमाल ठेवायचा कप्पा. आमच्या गाड्यांना माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, इथे तोही नाही. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

वन्संचा हात इतका कापत होता की किल्ली भोकात जाईना. पण मी सांगायच्या आत त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला. "हे कुठे शिकलात?" म्हटलं. "तुमच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतेच आहे की," म्हणाल्या. ते खरंच. मी लग्नात जेवतानाही क्लचबद्दल बोलते असं हे म्हणतात.

आज फक्त इंजिन सुरू करून गॅरेजमध्येच बसलो. नंतर वन्सं बराच वेळ स्टीअरिंगवर डोकं टेकवून बसल्या होत्या. स्कूलमध्ये मी प्रत्येकाच्या नावापुढे रोजचा शेरा लिहिते, ती सवय जात नाही. शेरा: तयारी उत्तम. धीर अजिबात नाही.

२४ फेब्रुवारी

गल्लीत तीन फेऱ्या. कोपऱ्यावर मी सवयीने ओरडले, "डावीकडे, डावीकडे घ्या!" आणि वन्संनी शांतपणे उजवीकडे घेतली. समोरून ट्रक आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की डावीकडे घेतली असती तर केमोचा प्रश्नच मिटला असता. नशीब, त्यांनी ऐकलं नाही. शिकवताना न ऐकणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच आवडला.

क्लच सोडण्याची पद्धत तर लोण्यासारखी. बावीस वर्षांत असा शिकाऊ पाय पाहिला नाही. शेवटी शिकवणारं माणूस कोण आहे त्यावर असतं.

तोंडात फोड आहेत. पाणीसुद्धा झोंबतं. पण त्या अर्ध्या तासात मला फोड आठवले नाहीत, हेही खरं.

२८ फेब्रुवारी

आज बिनसलं. भाजीच्या दुकानाजवळ सिग्नल नाही, नुसतं थांबून निघायचं असतं. तिथे वन्संची गाडी बंद पडली. मागे एकच गाडी, तिने एकच हॉर्न दिला. वन्सं दगडासारख्या झाल्या. किल्लीला हातच लावेनात.

मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. पहिल्यांदा गाडी बंद पडली की प्रत्येकाला म्हणते, सगळे हसतात आणि मोकळे होतात: "फिरवा किल्ली. गाडी बंद पडल्याने आजवर कोणी मेलेलं नाही."

वन्सं हसल्या नाहीत. दार उघडून खाली उतरल्या आणि चालत घरी गेल्या. मला एका हाताने गाडी कडेला घ्यावी लागली, तीही लायसन्सशिवाय. मागच्या गाडीतल्या माणसाने ढकलायला मदत केली. घरी आले तर दिवसभर अबोला. एवढं काय झोंबलं? मोठ्या घरच्या लेकी, बोललेलं सहन होत नाही.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी थंड दही आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या दहा वाजता." बास, तेवढंच.

५ मार्च

चौथी. वन्सं अजून लांबच्या रस्त्याला तयार नाहीत, म्हणून टॅक्सीनेच गेलो, सगळ्या काचा खाली करून. टॅक्सीवाला कुडकुडत होता.

मी जिला 'सुईवाली' म्हणते ती नर्स आज होती. तिला शीर पहिल्या फटक्यात सापडते. डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या, हातवारे केले, कागदावर चित्र काढलं. वन्संनी भाषांतर केलं, "चांगलं चाललंय म्हणतात." एवढ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर? मी म्हटलं, "आणि बाकीचं?" तर म्हणाल्या, "बाकीचं तुम्ही शेवटपर्यंत घेतलंत तर लागू होतं."

मला सोडायला त्या केमोच्या खोलीपर्यंत येतात, पण तळमजल्यावरच्या इमर्जन्सीच्या दारासमोरून जात नाहीत. मागच्या जिन्याने येतात. व्यायाम होतो म्हणे. गुडघे दुखतात आणि व्यायाम.

११ मार्च

पाच दिवस उठले नाही. नखं काळी पडलीत, पायाचे तळवे बधिर. काल आरशात बघितलं तर भुवयाही नाहीत. रडले. हे फोनवर म्हणाले, "केस काय, येतील." माणसं काय बोलतात त्याला अंत नाही. मी फोन ठेवून दिला आणि वन्संना म्हटलं, आता खरंच बास, पाचवी घेणार नाही.

आज सकाळी वन्सं कोट घालून, किल्ली हातात घेऊन दारात उभ्या.

"शिकवणी बुडतेय," म्हणाल्या.

"मला उठवत नाही."

"उठू नका. मला रिव्हर्स जमत नाही, मी खांबाला ठोकते. मेकॅनिकला बोलावू का शिकवायला?"

मेकॅनिक शिकवणार! मी उठले. उशी पाठीशी घेऊन गाडीत बसले. वन्संनी रिव्हर्स इतका वाकडातिकडा घेतला की मला दोन वेळा सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. काचेतून मागे बघा, आरशावर विश्वास ठेवा, पण आंधळा नको. अर्ध्या तासाने अचानक जमलं त्यांना, एका दमात, दोन गाड्यांच्या मधे. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि वाटीभर पेज प्यायले. मी पुढची घेणार. त्यांचं अर्धवट सोडून चालणार नाही.

२० मार्च

हॉस्पिटलच्या रस्त्याचा सराव. पुलाखालच्या चौकातून गेलं तर सरळ नाकासमोर रस्ता. वन्सं चौकाच्या आधी वळतात, शाळेला वळसा घालून, रेल्वेच्या कडेने. दुप्पट वेळ लागतो. मी म्हटलं, "अहो, चौकात काय वाघ बसलाय?" म्हणाल्या, "अट आहे." अट म्हणजे अट. माझाही हट्ट काही कमी नाही, पण इथे मी गप्प बसले. त्यांच्या ओठांवर घाम होता. बाहेर एवढी थंडी.

डावा हात भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम सांगितलाय. वन्सं भिंतीवर पेन्सिलीने खूण करतात, लेकरांची उंची मोजतात तशी. आज खूण डोक्याच्या वर गेली.

२६ मार्च

पाचवी घेतली. आणि आमच्या गाडीने गेलो, आमच्या गाडीने आलो. वळसा घालून, पण गेलो. परत येताना मी मागे आडवी झाले आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे लक्ष दिलं नाही. इतका विश्वास मी ह्यांच्यावरही ठेवलेला नाही. शेरा: आता चौक तेवढा राहिला. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

९ एप्रिल

चार दिवसांनी लिहितेय, हॉस्पिटलमधूनच. हातात सलाईन आहे, अक्षर वाकडं येणार.

पाच तारखेला सकाळी थंडी वाजून आली. वन्संनी थर्मामीटर लावलं, बघितलं आणि हॉस्पिटलला फोन केला. केमोच्या रुग्णाला ताप म्हणजे खेळ नाही, पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात. ते म्हणाले, लगेच या. अँब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले, सकाळची वेळ, रस्ते भरलेले. वन्संनी फोन ठेवला. मला कोट घातला, बूट घातले. त्यांचे हात कापत नव्हते, हे मला नीट आठवतंय.

गाडीत मी म्हटलं, "शाळेकडून घ्या." शाळेचं वळण आलं आणि गेलं. समोर पूल दिसला. मी म्हटलं, "वन्सं, चौक." म्हणाल्या, "दिसतोय."

चौकात गाड्याच गाड्या. आम्ही अगदी मध्ये असताना गाडी बंद पडली. सगळीकडून हॉर्न. माझे दात वाजत होते, तरी तोंडातून "क्लच" निघालंच. आणि वन्सं, ज्यांनी मला लग्नापासून अहोजाहो केलंय, त्या म्हणाल्या, "गप्प बस तू. डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघ. डोळे मिटलेस तर बघ." किल्ली फिरवली. सुरू झाली नाही. परत फिरवली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि त्यांनी गाडी अशी काढली, दोन बसच्या मधून, लेन कापत, की माझ्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला खाली उतरवलं असतं. आम्ही इमर्जन्सीच्या दारात उभे राहिलो. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही.

सुईवालीने नंतर फोनवर भाषांतर करून दाखवलं, मला आत नेल्यावरही वन्सं गाडीतच होत्या. इंजिन चालू, दार उघडं, मागे अँब्युलन्स अडकलेली. कोणीतरी जाऊन त्यांना सांगावं लागलं, "पेशंट ठीक आहे." तेव्हा त्या म्हणाल्या, "पोहोचली?" नर्सला वाटलं भाषेचा घोटाळा झाला असेल. पोहोचलीच होती, समोरच तर होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं. हेही मी सुईवालीला तसंच विचारलं म्हणून कळलं, वन्संनी भाषांतरच केलं नाही. मी ह्यांना फोनवर सांगितलं की माझ्या विद्यार्थिनीने मला वेळेवर आणलं, मी शिकवलंय तिला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटतं रडत होते. माझ्यासाठी रडायला तीस वर्षं लागली यांना.

१५ एप्रिल

घरी आले. सहावी एक आठवडा पुढे गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घ्यायची ना? वन्संनी भाषांतर करायच्या आत मी मान हलवली. एवढं आता मलाही कळतं.

वन्सं पुन्हा अहोजाहोवर आल्या. भिंतीवरची खूण तापाने दोन बोटं खाली गेलीय, ती वर न्यायची.

२४ एप्रिल

काल सहावी झाली. सुईवालीने माझा हात हातात घेतला. आता तीन महिन्यांनी तपासणी, मग पुन्हा, मग पुन्हा. कोणी कसलं वचन देत नाही, आणि मी मागत नाही. जे माझ्या हातात होतं ते शेवटपर्यंत घेतलं.

परत निघालो. वन्संनी वळसा घेतला नाही. सरळ चौकाकडे निघाल्या, न विचारता. पुलाखाली सिग्नल लाल होता. आमची गाडी सगळ्यात पुढे.

"इथेच," वन्सं म्हणाल्या.

"हो, इथेच बंद पडली त्या दिवशी. पण छान काढलीत तुम्ही."

"त्या दिवशी नाही. सात वर्षांपूर्वी." त्या समोर बघत होत्या. "अँब्युलन्सची वाट बघायला नको म्हणून मीच ह्यांना घेऊन निघाले. ते तिथे बसले होते, तुमच्या जागेवर. इथे गाडी बंद पडली आणि मला सुरूच करता येईना. लोक हॉर्न वाजवत होते. मी किल्ली फिरवत होते आणि ते म्हणत होते, 'घाबरू नकोस, सावकाश.' सुरू झाली तेव्हा ते बोलत नव्हते."

मला सगळं एकदम कळलं. लोण्यासारखा क्लच, मागचा जिना, ह्यांचं फोनवर गप्प होणं. त्या दिवशी भाजीच्या दुकानापाशी मी काय बोलले होते तेही आठवलं, आणि तोंड कुठे लपवावं कळेना. ज्या बाईला मी आरसा कसा बघायचा ते शिकवत होते, ती माझ्यासाठी रोज या जागेवर बसत होती.

"तुम्हाला गाडी येत होती," एवढंच म्हणाले.

"येत होती. पण चालवता येत नव्हती. ते तुम्ही शिकवलंत."

सिग्नल हिरवा झाला. एरवी मी हिरव्याच्या आधी बोलते. काल तोंडच उघडेना. वन्संचा हात गिअरवर होता, तो हलला नाही. मागून एक हॉर्न आला, मग दुसरा, मग सगळेच. मी डावा हात उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. मागचे वाजवत राहिले. वाजवू देत, म्हटलं. थांबतील.

पुन्हा लाल झाला. आम्ही दोघी तशाच बसलो. लोक काचेतून डोकावून बघत गेले. माझा गोटा, त्यांचे भरलेले डोळे, काय समजले असतील कोण जाणे.

मग हिरवा झाला. वन्संनी माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "मध्ये येतोय," म्हणाल्या, आणि गाडी काढली.